दहा लाखांतला एक ठिपका

धाराशिवच्या रक्तपेढीत दात्याची पिशवी रुग्णाकडे जाण्याआधी त्याच रक्ताचा नमुना तपासतात. हिपॅटायटिस सी विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे आढळली की पिशवी बाद. तपासणी आता रोजच्या सवयीची झाली आहे. पण तिची युक्ती कुणालाही सुचली असती का, यावर लंडनमध्ये खटला उभा राहिला होता.

सत्तरच्या दशकात रक्त चढवलेल्या अनेकांना कावीळ होई. विषाणू ‘ए’ नव्हे, ‘बी’ही नव्हे, म्हणून आजाराचे नावच ‘नॉन-ए, नॉन-बी’ पडले. ‘सापडला!’ म्हणत कुणी आले की अमेरिकेचे संशोधक हार्वी ऑल्टर त्याला नुसते आकडे लिहिलेल्या बाटल्या पाठवत. कोणत्या रक्तात आजार आहे, ते ओळखा! एकामागून एक दावे तिथेच कोसळले.

कॅलिफोर्नियातल्या कायरॉन कंपनीत मायकेल हॉटन, क्वी-लिम चू आणि जॉर्ज कुओ वर्षानुवर्षे चाचपडत होते. हाताला काही लागेना. शेवटी त्यांनी आजारी चिंपांझीच्या रक्तद्रवातल्या जनुकीय तुकड्यांच्या प्रती जिवाणूंत घातल्या आणि जिवाणूंनी बनवलेल्या प्रथिनांवर रुग्णाचे रक्तद्रव सोडले. त्यात विषाणूविरुद्ध प्रतिपिंडे असतील, तर ती विषाणूच्या प्रथिनाला चिकटतील. असतील तर! तशी खात्री कुणालाच नव्हती. असे सुमारे दहा लाख क्लोन, म्हणजे एकेक तुकडा घातलेले नमुने, चाळल्यावर एक खरा निघाला: 5-1-1. तो ना माणसाचा, ना चिंपांझीचा; तो होता हिपॅटायटिस सी विषाणूचा. त्यावरून बेतलेल्या चाचणीने ऑल्टरच्या बाटल्याही ओळखल्या. 1989 मध्ये ‘सायन्स’मध्ये निबंध आले.

मग कायरॉनचे पेटंट, आणि मग भांडण. म्युरेक्स या प्रतिस्पर्धी कंपनीचे म्हणणे असे की पद्धत तर सगळ्यांना माहीत होती, जाणकाराला हे सहज सुचले असते, म्हणून पेटंट टिकू नये. मुद्दा अगदीच पोकळ नव्हता. जिवाणूंत तुकडे घालून प्रतिपिंडांनी शोधणे ही कायरॉनची युक्ती नव्हेच. पण एवढे सहज होते, तर इतक्या प्रयोगशाळा इतकी वर्षे रिकाम्या हाताने का बसल्या? 1993 मध्ये लंडनच्या न्यायालयाने ‘सहज सुचण्याजोगे’ हा आक्षेप फेटाळला.

याच विषाणूची प्रतिपिंडे ओळखणाऱ्या एका उपकरणावरून आपल्याकडेही वाजले. दिल्लीच्या जे. मित्रा कंपनीने 2000 मध्ये अर्ज केला, स्पॅन डायग्नॉस्टिक्सने विरोध केला, 2006 मध्ये पेटंट मिळाले. प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात पोहोचले; 2008 मध्ये निकाल लागला. तिथे वाद रंगला तो मात्र कायद्यातल्या बदलानंतर अपील नेमके कुठे करायचे, यावर.