सरासरीच्या आड

माझी आई सोलापुरात बिड्या वळायची. माल द्यायला जाताना ती मला सोबत नेई. तपासणारा हजारातली एक मूठ उचली आणि तीत चारदोन वाईट निघाल्या की सगळ्या मालाला छाट लावी. छाटलेल्या बिडीची मजुरी नाही. पुढे मी घरातला पहिला पदवीधर झालो, महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवू लागलो. तेव्हा कळले, यालाच नमुना म्हणतात. मूठ कुठून उचलली, यावर सगळा निकाल अवलंबून असतो.

आरोग्याच्या संशोधनातही हेच घडते. रोगाची पाहणी फक्त दवाखान्यात आलेल्यांची केली, तर रोज बुडेल म्हणून घरीच खोकत बसलेली बाई तीत येतच नाही. म्हणून घरे चिठ्ठ्या टाकून निवडावी लागतात.

दुसरा धोका सरासरीचा. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात दर १००० जन्मांमागे ४१ मुले वर्षाच्या आत दगावत होती. हा आकडा जातवार फोडला, की अनुसूचित जातींत ४५ आणि अनुसूचित जाती, जमाती व इतर मागासवर्ग वगळून उरलेल्यांत ३२. हजारामागे १३ मुलांचा हा फरक सरासरीच्या आड दडला होता.

यावर कुणी म्हणेल, त्यांच्या रक्तातच दोष असेल. येथे जाळ्याचे विश्लेषण कामी येते. माणसे, घरे, विहिरी हे ठिपके. त्यांच्यातला संबंध म्हणजे रेषा. १८५४ साली लंडनमध्ये कॉलरा पसरला, तेव्हा डॉ. जॉन स्नो यांनी मृतांची घरे नकाशावर मांडली. ती ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवती दाटलेली दिसली. दोष रक्तात नव्हता, पाण्यात होता. आपल्याकडे माणूस आणि पाणी यांच्यातली रेषाच जातीने पुसून टाकली होती. ती ओढण्यासाठी १९२७ साली बाबासाहेबांना महाडला सत्याग्रह करावा लागला.

माझ्या विद्यार्थ्यांना मी बिडी वळणाऱ्या बाईच्या घराचे असे जाळे काढायला लावतो. तंबाखूची धूळ, एकच खोली, हजारावरची मजुरी, चुकलेले जेवण, मुलाचा खोकला. कोणत्या ठिपक्याला सर्वांत जास्त रेषा येऊन मिळतात ते मोजा, असे सांगतो. मात्र दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणजे एक दुसरीचे कारण ठरत नाही, हेही बजावतो. त्यासाठी तुलना हवी : तीच वस्ती, तेवढीच मिळकत, पण बिडी न वळणाऱ्या बायका.

आकडे आपल्याविरुद्ध वापरले गेले, म्हणून ते टाकून देणे परवडणार नाही. मूठ कुठून उचलली, हे माझ्या आईला विचारता आले नाही. आपल्या मुलांनी प्रत्येक अहवालाला तो प्रश्न विचारला पाहिजे.