रात्री साडेदहाची घंटी

झोप लागत नाही, छातीत धडधडते, अशी तक्रार घेऊन एक कारकून आले. रक्तदाब ठीक होता. रोज रात्री साडेदहाला ऑफिसच्या 'टीम्स'वर मुदत टळलेल्या कामांची यादी वाजे. मग डोळा कसला लागतो! शोध घेतला तर वेळ लावलेली संध्याकाळी पाचची. यादी आपोआप पाठवणाऱ्या 'पॉवर ऑटोमेट'मध्ये टाइम झोन निवडायचा राहिला, की ते जागतिक वेळ धरते. भारत त्याच्या साडेपाच तास पुढे. गोळ्यांऐवजी मी चिठ्ठीवर लिहिले: भारतीय वेळ निवडा, आठवण सकाळी दहाला, ज्याचे काम त्यालाच. झालेले काम यादीतून वगळा. तोवर रात्री टीम्सचा आवाज बंद. एवढे करूनही दोन-तीन आठवडे झोप आली नाही, तर मात्र पुन्हा दाखवायला यावे.