जर्मन पाना घ्यावा का? कोणता, कधी आणि कशासाठी



आयटीआयला फिटर, मोटर मेकॅनिक किंवा डिझेल मेकॅनिक शिकणारी मुलं घरी कधी ना कधी म्हणतातच, "मला जर्मन पान्यांचा सेट हवा." पालक किंमत बघतात आणि विचारात पडतात. जर्मन पाना देशी पान्याच्या कित्येक पट महाग असतो. मग मुलाचा हा नुसता हट्ट आहे, की त्यात खरंच काही अर्थ आहे? शिक्षक म्हणून हा प्रश्न आपल्याकडेही येतो. म्हणून आज हा विषय नीट समजून घेऊया.

उत्तर आधीच सांगतो. पूर्ण सेट एकदम घेऊ नका. मूल रोज ज्या मापाचे नट-बोल्ट सोडवतं, त्या तीन-चार मापांचे उत्तम पाने घ्या. बाकीची मापं देशी राहिली तरी काही बिघडत नाही. असं का, ते आता पाहू.

जर्मन पाने म्हणजे नेमके कुठले?

जर्मनीच्या पश्चिम भागात रेमशाइड, वुपरटाल आणि झोलिंगेन ही शहरं एकमेकांना लागून आहेत. डोंगराळ भाग, वेगाने वाहणारे ओढे आणि त्या पाण्यावर चालणारे लोखंड ठोकायचे हातोडे, यांतून इथे अवजारांचा धंदा वाढला. झोलिंगेन सुऱ्या-कात्र्यांसाठी प्रसिद्ध झालं, तर रेमशाइड आणि वुपरटाल हत्यारांसाठी. रेमशाइडमध्ये तर अवजारांचं संग्रहालयच आहे. मुलांच्या तोंडी असलेली नावं बहुतेक याच पट्ट्यातली आहेत:

• स्टालविले – १८६२, वुपरटाल
• हॅझेट – १८६८, रेमशाइड. संस्थापक हेरमान त्सेर्व्हर यांच्या नावाची आद्याक्षरं जर्मनमध्ये 'हा' आणि 'त्सेट' अशी उच्चारतात, त्यावरून हे नाव पडलं.
• क्निपेक्स – १८८२, वुपरटाल. पक्कडीसाठी प्रसिद्ध.
• गेडोरे – १९१९, रेमशाइड. 'गेब्रूडर डोविडाट रेमशाइड', म्हणजे 'डोविडाट बंधू, रेमशाइड', याचं हे लघुरूप.
• वेरा – १९३६, वुपरटाल

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. गेडोरे या नावाने पूर्वी आपल्याकडे फरिदाबादलाही पाने बनत. शिवाय काही जर्मन ब्रँडची स्वस्त मालिका जर्मनीबाहेर तयार होते. म्हणजे पान्यावरचं नाव जर्मन आहे, एवढ्यावरून तो कुठे बनला ते कळत नाही. पान्यावर किंवा खोक्यावर बनावटीचा देश वाचायची सवय मुलांना लावा.

चांगल्या पान्यात वेगळं काय असतं?

१) तोंडाचं माप. १३ मिमीच्या पान्याचं तोंड बरोबर १३ मिमी ठेवलं तर तो नटावर बसणारच नाही. थोडी फट ठेवावीच लागते. किती फट चालेल, यालाच टॉलरन्स म्हणतात आणि खरा फरक इथेच आहे. भूमितीने बघा. १३ मिमीच्या षटकोनी नटावर फिक्स पान्याची फट ०.२ मिमी असेल तर पाना सुमारे दीड अंश फिरून नटाला पकडतो. हीच फट ०.५ मिमी झाली तर तो सुमारे चार अंश फिरतो. जितका जास्त फिरेल तितका नटाच्या सपाट बाजूवरचा आधार सुटतो आणि सगळा जोर कोपऱ्यावर येतो. कोपरा दबला की नट गोल झालाच म्हणून समजा. मग छिन्नी, हातोडा, वेल्डिंग आणि दहा मिनिटांच्या कामाला अख्खा दिवस!

२) रिंगच्या आतला आकार. साध्या रिंग पान्यात आतले कोपरे टोकदार असतात आणि नटाला त्याच्या कोपऱ्यापाशी धरतात. चांगल्या पान्यात आतल्या बाजूला किंचित गोलाई दिलेली असते. त्यामुळे जोर कोपऱ्यापासून थोडा आत, सपाट बाजूवर पडतो. जुना, गंजलेला नट सोडवताना हा फरक हाताला लगेच जाणवतो.

३) पोलाद आणि उष्णता-प्रक्रिया. 'क्रोम व्हॅनेडियम' हे शब्द आज अगदी स्वस्त पान्यावरही कोरलेले असतात. पण नुसत्या मिश्रधातूने काम भागत नाही. तापवून ठोकून घडवणं, मग कडक करणं आणि पुन्हा ठराविक तापमानाला तापवून चिवटपणा आणणं, हे सगळं नीट व्हावं लागतं. जास्त कडक राहिला तर पाना तडकतो. जास्त मऊ राहिला तर तोंड फाकतं. आईच्या पुरणासारखंच आहे, साहित्य सगळ्यांकडे सारखं, चटका किती द्यायचा ते महत्त्वाचं.

४) पातळ डोकं. चांगलं पोलाद असलं की डोकं पातळ ठेवूनही ताकद टिकते. इंजिनच्या अडचणीच्या जागेत जाडजूड पाना शिरतच नाही, तिथे याचा उपयोग होतो.

पान्याची लांबी अशीच ठरलेली नसते

हा भाग विज्ञानाच्या तासाला जरूर सांगा. पिळ म्हणजे बल गुणिले लांबी. १३ मिमीचा पाना साधारण १६ सेंटीमीटर लांब असतो. हाताने १५० न्यूटन, म्हणजे जवळपास १५ किलो वजनाएवढा जोर लावला तर १५० × ०.१६ = २४ न्यूटन-मीटर. एम८ आकाराच्या, ८.८ दर्जाच्या बोल्टला हवा असलेला पिळ सुमारे २५ न्यूटन-मीटर! म्हणजे पान्याची लांबीच हाताला सांगते की आता पुरे.

आता त्याच पान्याला पाईप लावून दांडा अर्धा मीटर केला तर तोच जोर ७५ न्यूटन-मीटर होतो. तिप्पट! मग बोल्ट ताणला जातो, आटे जातात किंवा डोकं तुटून हातात येतं. पाना सटकला तर बोटांची सालटी निघतात ती वेगळीच. जर्मन असो की देशी, पान्याला पाईप लावू नये. फार घट्ट नटासाठी लांब दांड्याचा रिंग पाना किंवा सॉकेटचा लांब हँडल वापरावा. शक्यतो पाना आपल्याकडे ओढावा, ढकलू नये.

कोणती मापं आधी घ्यायची?

इथे बरेच जण फसतात. एम८ बोल्टच्या डोक्याचं माप जर्मन डीआयएन पद्धतीत १३ मिमी असतं, पण जपानी पद्धतीत बहुधा १२ मिमी. एम१० ला जुन्या डीआयएनमध्ये १७, नव्या आयएसओमध्ये १६, तर जपानी पद्धतीत १४. एम१२ ला अनुक्रमे १९, १८ आणि १७. म्हणून जर्मन दुकानातला तयार सेट आपल्या मुलाच्या कामाला जुळेलच असं नाही. जपानी घराण्याच्या दुचाकींवर काम करणाऱ्याला १०, १२, १४ आणि १७ लागतील. सर्वसाधारण फिटिंगच्या कामाला १०, १३, १७ आणि १९ लागतील.

सोपा उपाय सांगतो. मुलाला एक महिना वहीत नोंद करायला सांगा: आज कोणत्या मापाचा पाना किती वेळा हातात घेतला? महिन्याच्या शेवटी ती तीन-चार मापं आपोआप समोर येतात.

पाने बदलण्याचा क्रम

पहिली पायरी: सुरुवातीला देशी सेट घ्या. नाशिकला कारखाना असलेल्या टपारियासारख्या कंपन्यांचे पाने शिकाऊ हाताला पुरेसे आहेत. कोणता पाना आपण जास्त वापरतो हे कळेपर्यंत महाग खरेदी नकोच.

दुसरी पायरी: वहीतली तीन-चार मापं चांगल्या कॉम्बिनेशन पान्यांत घ्या. एका टोकाला रिंग, दुसऱ्या टोकाला उघडं तोंड. जर्मन पान्यावर डीआयएन ३११३ हा क्रमांक दिसला तर तो कॉम्बिनेशन पान्याचा मानक आहे हे ओळखा.

तिसरी पायरी: सहा कोनी सॉकेट आणि एक चांगला रॅचेट हँडल. सहा कोनी सॉकेट नटाला बारा कोनीपेक्षा भक्कम धरतो. रॅचेटला ७२ दाते असतील तर ३६० भागिले ७२, म्हणजे फक्त ५ अंश हलायला जागा मिळाली तरी काम होतं.

चौथी पायरी: अ‍ॅडजस्टेबल पान्याऐवजी क्निपेक्सचा प्लायर रेंच. हा दिसायला पक्कडीसारखा, पण त्याचे जबडे समांतर आणि गुळगुळीत असतात. मूठ आवळली की पकड सुमारे दहापट होते. नळाच्या चकचकीत नटावर ओरखडा उठत नाही. नळजोडणीचं काम शिकणाऱ्यांना तर फारच उपयोगी.

पाचवी पायरी: टॉर्क रेंच. हा सगळ्यात शेवटी, इंजिनचं काम नियमित सुरू झाल्यावर. त्याने नट सोडवायचे नाहीत, फक्त ठरलेल्या पिळापर्यंत आवळायचे.

दुकानात काय तपासाल?

• सोबत एक नवा, न झिजलेला बोल्ट न्या. पाना लावून हलवून बघा. खुळखुळला तर परत ठेवा.
• रिंगच्या आत बघा. भिंती सरळ आणि स्वच्छ हव्यात, मुलाम्याच्या गाठी नकोत.
• कडांवर बोट फिरवा. धार लागली तर तो पाना तेलकट हाताला कापेल.
• प्लॅस्टिकची मूठ म्हणजे विजेपासून संरक्षण असं समजू नका. विद्युतरोधक हत्यारांवर १००० व्होल्टची खूण असते.

वर्गात करून बघा

१) फिक्स पान्याचं तोंड दांड्याशी साधारण १५ अंश तिरकं असतं. का? मुलांना अडचणीच्या जागेत नट फिरवायला सांगा. एकदा फिरवून पाना उलटा करून पुन्हा लावला की ३० अंशांच्या जागेतही काम पुढे सरकतं. हे मुलांनी स्वतः शोधू द्या.
२) व्हर्नियरने वर्गातल्या जुन्या आणि नव्या पान्यांची तोंडं मोजा. छापील मापातला आणि मोजलेल्या मापातला फरक तक्त्यात लिहा.
३) तीन वेगवेगळ्या लांबीच्या पान्यांसाठी १५० न्यूटन बलाचा पिळ काढा.

हे सगळं आपल्या मुलांच्या भविष्याशीही जोडलेलं आहे. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासन आणि जर्मनीतलं बाडेन-वुर्टेमबर्ग राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळाबाबत करार झाला. आपलं मूल उद्या तिथे जावो की गावातल्या गॅरेजमध्ये काम करो, पान्याचं माप नटाशी जुळवण्याची आणि किती जोर पुरे हे ओळखण्याची शिस्त दोन्हीकडे लागणारच.

म्हणून पालकहो, यंदा मुलाने सेट मागितला तर लगेच नाही म्हणू नका आणि लगेच हो पण म्हणू नका. त्याच्या हातात आधी ती वही द्या. महिन्याभराने तो स्वतःच सांगेल, "बाबा, मला फक्त दहाचा, बाराचा आणि चौदाचा पाना हवा." तेव्हा मात्र हात आखडता घेऊ नका. चांगला पाना नीट पुसून, जागच्या जागी ठेवला तर वर्षानुवर्षं साथ देतो.