सरहद्द ओलांडून गेलेलं गाव

भोकरला इतिहास नाही, असं नांदेड जिल्ह्यातलेच लोक म्हणतात. कंधारला किल्ला, माहूरला रेणुका, नांदेडला सचखंड गुरुद्वारा, भोकरला काय? गावाचा मोठेपणा वास्तूवरून मोजायची ही सवय फार जुनी आहे आणि ती भोकरवर अन्याय करते. या गावाचा इतिहास त्याच्या जागेत आहे. दक्षिणेला गोदावरी, उत्तरेला पैनगंगा, मध्ये डोंगराळ पट्टा. मराठवाड्याचा काळा बसाल्ट इकडे सरत येतो आणि पूर्वेला ग्रॅनाइट उघडा पडू लागतो. रेणापूरच्या धरणात अडवलेल्या सुधा नदीचा ओढा भैसाच्या दिशेने, म्हणजे तेलंगणाकडे आहे. बाजारात मराठीबरोबर तेलुगू, दखनी आणि तांड्यांवरची गोरमाटी कानावर पडते ती उगाच नव्हे.

निजामाच्या राज्यात सरहद्द उत्तरेला होती. पैनगंगेपलीकडे आधी इंग्रजांच्या ताब्यातला आणि 1947 नंतर स्वतंत्र भारतातला वऱ्हाड, म्हणून तर हैदराबाद मुक्तिसंग्रामातल्या सैनिकांचे कॅम्प उमरखेडला उभे राहिले आणि तिथूनच येऊन त्यांनी जानेवारी 1948 मध्ये उमरीची बँक लुटली. भैसा, मुधोळ तेव्हा नांदेड जिल्ह्यातच होते. म्हणजे भोकर पूर्वेकडून राज्याच्या पोटात होतं. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्य पुनर्रचना झाली. मुधोळ, भैसा आणि कुबीर ही मंडळं आंध्रात गेली, आदिलाबादचा किनवट तालुका नांदेडला जोडला गेला. पैनगंगेवरची सरहद्द पुसली आणि नवी सरहद्द भोकरच्या पूर्वेला येऊन बसली. सरहद्दीने भोकर ओलांडलं. गाव मात्र तसूभर हललं नाही. युक्रेनमधल्या बुचाचनेही हेच सोसलं: ऑस्ट्रिया, पोलंड, सोव्हिएत संघ, जर्मनी, पुन्हा सोव्हिएत आणि 1991 पासून युक्रेन. तिथे त्याची किंमत लोकांनी जिवाने मोजली, इथे ती कागदपत्रांत मोजावी लागली, हा फरक लहान नाही.

यावर कुणी म्हणेल, रेषा नकाशावरची. सोयरिकी आणि कापसाचा व्यापार तिला कुठे जुमानतो? खरं आहे, पण कागद जुमानतो. भोकरच्या शेतकऱ्याचा जमिनीचा वाद निघाला की आजही 1954 सालचं खासरा पाहणी पत्रक काढावं लागतं आणि कुळाचा दावा 1950 च्या हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन कायद्याखाली चालतो. पुण्याच्या वकिलाला त्या कायद्याची सवय नसते. मुदखेडहून भोकर, हिमायतनगर, किनवट करत आदिलाबादला जाणारा रेल्वेमार्ग नांदेड विभागाचा, आणि तो विभाग दक्षिण मध्य रेल्वेचा, जिचं मुख्यालय सिकंदराबादेत. महसूल छत्रपती संभाजीनगरच्या आयुक्तांकडे, रेल्वे सिकंदराबादकडे. एका तालुक्याची ही अशी दोन तोंडं सहज झालेली नाहीत.

दुसरा आक्षेप राजकारणाचा. अशोक चव्हाण मुख्यमंत्री असताना 2009 ला इथून निवडून आले, तेव्हापासून भोकर म्हटलं की बाहेरच्यांना मतदारसंघच आठवतो. मतदारसंघाने गावाला नाव दिलं, हे मान्य. पण मतदारसंघाच्या हद्दी पुनर्रचनेत बदलतात, उमेदवार पक्ष बदलतात. भोकरचा बाजार मात्र भैसाच्या रस्त्यावर अवलंबून राहतो, आणि त्या रस्त्यावर सरहद्द लागते. तालुक्याचा इतिहास लिहायला बसणाऱ्याने सुरुवात निवडणुकीच्या निकालांपासून करू नये. तहसीलच्या अभिलेख कक्षातली उर्दू दप्तरं वाचू शकणारी माणसं आहेत तोवर ती आधी वाचून घ्यावीत.