खान्देशात अजगराची पेटी

घरी साप पाळण्यावरची बहुतेक पुस्तकं थंड मुलखात लिहिली गेली. पेटी उबदार कशी ठेवायची, यावरच त्यांची निम्मी पानं खर्ची पडतात. मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो तेव्हा जळगाव-धुळ्याच्या माणसाला ती पानं वाचूनच घाम फुटेल. आपल्याकडे पेटीचं मुख्य काम ऊन बाहेर ठेवण्याचं.

सुताराला बोलावण्याआधी कायद्याचं बघा. नाग, घोणस, धामण, आपला देशी अजगर यांतलं काहीच घरात ठेवता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली, त्यानंतर हे चौघे पहिल्या अनुसूचीत आहेत आणि गुन्ह्याला तीन ते सात वर्षांची कैद आहे. राहिले बॉल पायथन, बोआ असे परदेशी साप. ते घरात आले की तीस दिवसांत ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी करावी लागते. विकणारा ‘कागदांचं नंतर बघू’ म्हणाला, तर तिथूनच माघारी फिरा.

आता पेटी. पूर्ण काचेची पेटी देखणी दिसते, पण उन्हाची तिरीप आली की तिची भट्टी होते आणि डिसेंबरच्या रात्री तीच बर्फासारखी गार पडते. काच फक्त पुढच्या बाजूला, तीही टफन. बाकी चार बाजू आणि तळ १८-१९ मिलिमीटरच्या प्लायवूडचे करा. दुकानात नुसतं ‘वॉटरप्रूफ’ म्हणू नका. ‘बीडब्ल्यूपी, आयएस ७१०’ असं सांगा आणि शीटवरचा छाप स्वतः वाचा. चार बाय दोन बाय दोन फुटांची पेटी मोठ्या बॉल पायथनला पुरते आणि हिशेबही सोपा बसतो. आठ बाय चारच्या एका शीटमधून चार बाय दोनचे चार तुकडे निघतात. तळ, छत, पाठ झाली. चौथ्याचे दोन भाग केले की बाजू झाल्या. (करवत खाते तेवढं सोडून.) बोआला मात्र एका शीटमध्ये भागत नाही.

एमडीएफ स्वस्त मिळतं, पण पाण्याचं भांडं एकदा लवंडलं की चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं फुगतं. देवदाराची फळी नकोच, तिच्यातलं तेल सापांना बाधतं. पीव्हीसी फोम शीट हलकी, पुसायला सोपी आणि ओलीला दाद न देणारी. जैन इरिगेशनमुळे जळगावकरांना ही वस्तू नवी नाही. फक्त बल्ब तिच्याजवळ नको, ती वाकते. सांधे सिलिकॉनने भरा आणि आंबूस वास पूर्ण जाईपर्यंत पेटी उघडी ठेवा.

झरोके दोन ठेवा, एका बाजूला खाली आणि समोरच्या बाजूला वर. कूलरची दमट हवा कोंडली की बुरशी धरते. सरकत्या काचेला सराफाच्या काउंटरला असतं तसं कुलूप लावा. डोकं शिरेल तिथून साप निघतो.

लाकूड कितीही चांगलं घेतलं तरी पेटीची जागा चुकली की सगळं वाया. धाब्याच्या जुन्या घरात जाड मातीच्या भिंती दुपार बाहेरच अडवायच्या; आजच्या चार-पाच इंची विटेच्या भिंतीकडून ती अपेक्षा नको. पश्चिमेची भिंत आणि पत्र्याखालची खोली टाळा. पेटीची उबदार बाजू ३२ अंशांच्या आसपास, गार बाजू २६ च्या आसपास हवी. थंडीत हीटर लावाल, तो थर्मोस्टॅटशिवाय नको.

पेटी एप्रिलच्या आत तयार करा, पण साप आणू नका. अख्खा मे महिना ती रिकामी ठेवा, आत थर्मामीटर ठेवा आणि रोज दुपारी तीन वाजता आकडा वहीत लिहा. कूलर चालू असूनही गार बाजू तिशीच्या वर जात असेल, तर त्या खोलीत साप ठेवू नका. पेटीत कपडे ठेवा.