एका छताखालची सायकल

लग्नात जावई रुसायचा तो घड्याळासाठी नाहीतर सायकलसाठी, आणि सायकल म्हणजे शक्यतो रॅले. काळी कुळकुळीत, अंगावर बारीक सोनेरी रेघ, पुढे बगळ्याचं डोकं असलेला बिल्ला. हे वैभव इंग्लंडातल्या नॉटिंगहॅम शहरात तयार व्हायचं.

फ्रँक बॉडेन हा गृहस्थ हाँगकाँगमध्ये पैसा कमावून आणि तब्येत घालवून मायदेशी परतला. डॉक्टरांनी सायकल चालवायला सांगितलं, त्यानं गुण आला. मग त्याने रॅले स्ट्रीटवरच्या, आठवड्याला तीन सायकली करणाऱ्या एका छोट्या कारखान्यात पैसे घातले आणि 1888 च्या अखेरीस कंपनी उभी केली. 1951 पर्यंत तीच कंपनी वर्षाला दहा लाखांवर सायकली काढू लागली होती. टायरसारख्या वस्तू सोडल्या तर हब, पेडल, तारा, नट-बोल्ट असं बहुतेक सगळं घरचं. ब्रिटिश कौन्सिलने 1945 मध्ये या कामावर एक लघुपट काढला. तो पाहताना यंत्रांपेक्षा हातांकडेच लक्ष जातं.

सायकलचा जीव सांगाड्यात, आणि सांगाड्याचा जीव जोडात. दोन नळ्या एकमेकींना थेट जोडल्या जात नसत. ‘लग’ नावाच्या पोलादी तुकड्यात त्या बसवायच्या. हे तुकडे इतरत्र सर्रास ओतीव असत. रॅलेत मात्र पत्र्यावर प्रेस मारून घडवत, आणि ‘ऑल-स्टील’ म्हणून त्याची जाहिरातही करत. नळी लगमध्ये बसली की भोक पाडून पिन ठोकायची, म्हणजे भट्टीच्या धगीत कोन हलत नाही. मग झाळकाम. पितळ साधारण 900 अंशांना वितळतं, पोलाद 1500 च्या आसपास. या फरकावरच सगळा खेळ. हातभट्टीवर कारागीर टाकणखार लावून एकेक जोड तापवायचा. रॅलेने ते काम घाऊक केलं : सांगाड्याचा कोपराच वितळलेल्या पितळेत बुडवायचा. जिथे पितळ चिकटायला नको तिथे ग्राफाइटचा लेप. नळी आणि लग यांच्यातल्या केसाएवढ्या फटीत पितळ आपोआप ओढलं जातं आणि थंड झालं की जोड पक्का. फट जास्त राहिली तर पितळ नीट चढत नाही, अजिबात नसेल तर आत शिरत नाही. म्हणजे जोडाची मजबुती भट्टीच्या कितीतरी आधी, नळी आणि लग घडवणाऱ्यांच्या हातात ठरलेली असे.

भट्टीतून निघालेला सांगाडा थोडा वाकडा निघायचाच. तो पट्टी लावून, नजरेने जोखून आणि चक्क दांड्याने दाबून सरळ करत. त्यानंतर घासणं, गंजरोधक थर, काळ्या एनॅमलमध्ये बुडवणं, भट्टीत भाजणं. सोनेरी रेघ मात्र लांब केसांच्या कुंचल्याने, एका दमात ओढली जाई. हात थरथरला की पुसून पुन्हा.

चाकांच्या विभागात बहुतांशी बायका. पुढच्या चाकाला 32 तारा, मागच्याला 40, कारण वजनाचा मोठा वाटा मागे. तारेवरचा आटा कापून नव्हे तर दाबून उठवलेला, त्यामुळे तार तिथे अशक्त होत नाही. तारा ओवून झाल्या की चाक फिरवायचं, रिम जिकडे झुकेल त्याच्या विरुद्ध बाजूच्या तारेचं निपल जरा आवळायचं. आपल्याकडचा सायकलवाला ‘आउट काढतो’ तो असाच.

तीन गिअरचा स्टर्मी-आर्चर हब हे या घरातलं सगळ्यात हुशार अपत्य. 1903 मध्ये तो बाजारात आला. हबवर नाव हेन्री स्टर्मी आणि जेम्स आर्चर यांचं. खरी करामत विल्यम रायली याची, असं आता अभ्यासक मानतात. आधीच्या कराराने बांधला गेल्यामुळे बिचाऱ्याचं नाव राहून गेलं.

या कारखान्याचं कौतुक करताना कादंबरीकार ॲलन सिलिटो विसरून चालत नाही. 1942 मध्ये चौदाव्या वर्षी तो इथे कामाला लागला, आणि 1958 च्या ‘सॅटरडे नाइट अँड संडे मॉर्निंग’ या कादंबरीत त्याने लेथवरचा आर्थर सीटन उभा केला. नगावर मजुरी. फार भरभर काम केलं तर साहेब दर कमी करणार, म्हणून आर्थर वेगसुद्धा मोजूनमापून ठेवतो. सोनेरी रेघेमागचा हा हिशोब लघुपटात नाही.

रॅलेच्या भागीदारीतला भारतातला कारखाना आसनसोलला निघाला, सेन-रॅले. आपल्या वरळीला बिर्लांचं हिंद सायकल्स होतं. दोन्ही डबघाईला आले आणि 1980 मध्ये एकाच कायद्याने सरकारजमा झाले. नॉटिंगहॅममधलं उत्पादन 2002 मध्ये थांबलं. कारखान्याच्या जागेतल्या काही भागावर तोवर विद्यापीठ उभं राहिलं होतं.

मला वाटतं, सगळं स्वतःच करण्याचा अभिमान पुढे ओझं झाला. लुधियानाने उलटी वाट धरली. तिथे हब एका गल्लीत, पेडल दुसऱ्या गल्लीत, मडगार्ड तिसऱ्या. सुटे भाग विकत सुरुवात केलेल्या मुंजाल बंधूंनी 1956 मध्ये हीरो सायकल्स काढली ती याच गल्ल्यांच्या भरवशावर, आणि 1986 मध्ये गिनेस बुकाने जगातली सर्वांत मोठी सायकल कंपनी म्हणून तिची नोंद केली.