समेवर हलणारी मान

मन लावून ऐकणं डोळ्यांना कसं दिसतं? शास्त्रीय संगीताच्या बैठकीत थोडा वेळ गायकाऐवजी पुढच्या दोन रांगांकडे बघा.

तीनताल 16 मात्रांचा. पहिली, पाचवी आणि तेरावी मात्रा टाळीची, नववी खालीची. मुरलेला रसिक हे सगळं मांडीवर बोटांनी धरत असतो. विलंबित एकतालात तर 12 मात्रांचं एक आवर्तन कधीकधी मिनिटभर चालतं. तेवढा वेळ गायक आलापात रमलेला असतो, मग मुखडा धरून तो समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, येतो आणि जाणकारांच्या माना त्याच क्षणी हलतात. एक शब्दही न बोलता! ही मान उसनी आणता येत नाही. सम येण्याआधीपासून जो सोबत चालत आलाय, त्यालाच ती नेमकी सापडते. म्हणून मला ती 'क्या बात है'पेक्षा मोठी दाद वाटते.

गायकाच्या मागे तंबोऱ्यावर बसलेले शिष्यही बघा. बोटं तारांवर, नजर गुरूंकडे.

आलाप सुरू असताना मोबाइल मात्र खाली ठेवा. गाणाऱ्याला तुमचा चेहरा दिसू द्या. आणि पुढच्या बैठकीत मांडीवर मात्रा मोजून बघा: टाळीला हात पडतो, खालीला उलटा होतो.